फुलसावंगीचं वावर आणि रॉटरडॅमची यादी

फुलसावंगीच्या कृषी केंद्रात कीटकनाशकाची बाटली हातात घ्या आणि तिच्या लेबलवरचा तो छोटा चौकोन नीट बघा. एका कोनावर उभा केलेला असतो. त्याचा खालचा अर्धा भाग लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. लाल म्हणजे अत्यंत जहाल, हिरवा म्हणजे त्यामानाने सौम्य. लाल असेल तर वरच्या अर्ध्यात कवटी आणि दोन हाडं. बाटलीसोबत एक घडीपत्रक येतं. घडी उलगडत जा, ते हातभर लांब होतं आणि त्यात मुंगीएवढ्या अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं: कुठल्या पिकावर, किती पाण्यात, अंगावर पडलं तर काय करायचं, डॉक्टरांनी कोणता उतारा द्यायचा.

एवढ्याशा कागदामागे काय काय उभं आहे याचा कधी विचार केलाय? १९५८ साली केरळात गव्हाच्या पिठात पॅराथिऑन नावाचं कीटकनाशक मिसळलं गेलं. पीठ आणि विष यांची वाहतूक एकत्र झाली होती. शंभरहून अधिक माणसं दगावली. त्या धक्क्यातून आपल्याकडे १९६८चा कीटकनाशक कायदा आला, त्यापाठोपाठ १९७१चे नियम आले आणि त्या नियमांतून हा रंगीत चौकोन. म्हणजे महागाव तालुक्यातल्या दुकानातल्या बाटलीवरचा लाल रंग केरळातल्या त्या मृत्यूंपर्यंत जाऊन पोचतो.

पण मला त्याहून थक्क करणारी गोष्ट दुसरीच आहे. ही बाटली दुकानात यावी की नाही, या प्रश्नात जगातले १६०हून अधिक देश एकमेकांना बांधलेले आहेत. त्यांनी मिळून एक यादी केली आहे. तिचा कारभार रोम आणि जिनिव्हा अशा दोन शहरांतून चालतो, आणि तिला नाव मिळालंय तिसऱ्याच शहराचं. रॉटरडॅम करार. १० सप्टेंबर १९९८ रोजी युरोपातल्या सगळ्यात मोठ्या बंदराच्या गावी तो मंजूर झाला, २४ फेब्रुवारी २००४ रोजी लागू झाला आणि २००५ मध्ये भारत त्यात सामील झाला. जिथून जगभर माल रवाना होतो, त्याच गावी ठरलं की काही माल रवाना करण्याआधी समोरच्याला विचारलं पाहिजे.

हो, फक्त विचारलं पाहिजे. हा करार एकाही रसायनावर बंदी घालत नाही!

पहिल्यांदा हे कळतं तेव्हा जरा हिरमोड होतो. एवढे देश, एवढी अधिवेशनं, आणि बंदी नाही? मग हळूहळू त्यातली युक्ती लक्षात येते. ऐंशीच्या दशकातली अडचण बंदीची नव्हतीच, अडचण अज्ञानाची होती. श्रीमंत देश एखादं रसायन घातक म्हणून आपल्या शेतातून हद्दपार करायचे, कारखाना मात्र चालूच राहायचा आणि माल बाहेर जायचा. घेणाऱ्या देशाला पत्ताच नसायचा की बनवणाऱ्याच्या घरी हे चालत नाही. १९८४च्या डिसेंबरात भोपाळच्या कीटकनाशक कारखान्यातली वायुदुर्घटना घडली. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने कीटकनाशकांच्या व्यापारासाठी आचारसंहिता केली. १९८९ पासून ‘आधी माहिती, मग संमती’ ही पद्धत आली, पण ऐच्छिक. पाळली तर पाळली. रॉटरडॅममध्ये तिला कायद्याचं बळ मिळालं.

आता ही यंत्रणा चालते कशी ते बघा. एखादं रसायन यादीत आलं की त्याचं एक माहितीपत्र तयार होतं: कुणी बंदी घातली, का घातली, माणसाला काय होतं, पाण्याला काय होतं, पर्याय कोणते. ते प्रत्येक सदस्य देशाला जातं आणि प्रत्येकाने उत्तर द्यायचं असतं. घेऊ, घेणार नाही किंवा अमुक अटींवर घेऊ. ही सगळी उत्तरं दर सहा महिन्यांनी, जून आणि डिसेंबरमध्ये, एका पत्रकात छापली जातात. सगळ्या जगाला उघड. ज्या देशाने ‘नको’ म्हटलं, तिथे आपल्या कंपन्यांचा माल जाऊ न देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्या देशाच्या सरकारवर. नकार गरीब देशाचा आणि तो पाळून घ्यायचा श्रीमंत देशाने! व्यापाराच्या इतिहासात अशी उलटी जबाबदारी किती वेळा सापडेल?

त्यात आणखी एक बारीक खाच आहे, आणि ती ज्याने सुचवली त्याला दाद द्यावीशी वाटते. एखादा देश लबाडी करू शकतो. परदेशी रसायन ‘घातक’ म्हणून नाकारायचं आणि तेच घरच्या कारखान्यात बनवून विकायचं. करार म्हणतो, असं चालणार नाही. नको म्हणायचं तर सगळ्यांनाच, आणि आपल्या बाजारासाठी घरी बनवणंही थांबवायचं. विषाला परदेशी आणि स्वदेशी असा भेद नाही.

आणि यादीत नसलेली, पण बनवणाऱ्या देशाने स्वतः बंद केलेली रसायनं? त्यांच्यासाठी वेगळी तरतूद आहे. पहिला माल निघण्याआधी घेणाऱ्या देशाला कळवायचं आणि पुढे दर वर्षीच्या पहिल्या खेपेआधी पुन्हा कळवायचं. जकात अधिकाऱ्याला पिंपातलं रसायन ओळखू यावं म्हणून यादीतल्या रसायनांना जागतिक जकात संघटनेकडून स्वतंत्र आकडे. कागद, आकडे, पत्रं. कुणाच्या हातात काठी नाही. तरी चाक फिरतं.

यादीत काय आहे? पन्नासहून अधिक नावं. केरळातलं ते पॅराथिऑन आहे. आणि आपल्या भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असलेलं एक नाव आहे, मोनोक्रोटोफॉस. वावरात त्याला नुसतं ‘मोनो’ म्हणतात. हे मोनो शरीरात काय करतं हे समजून घेण्यासारखं आहे, कारण जिवंत शरीरातल्या सगळ्यात वेगवान यंत्रांपैकी एकाला ते हात घालतं.

तुमचा मेंदू बोटाला हलायला सांगतो तेव्हा मज्जातंतूच्या टोकापाशी ॲसिटाइलकोलीन नावाच्या रेणूंचा एक फवारा उडतो. स्नायू आखडतो. पण काम तिथे संपत नाही. तो निरोप लगेच पुसला गेला पाहिजे, नाहीतर स्नायू आखडलेलाच राहील. दाराची बेल दाबून बोट उचललंच नाही तर काय होईल? तसं. बोट उचलण्याचं काम करणारं एक विकर शरीरात आहे, आणि त्याचा एकेक रेणू सेकंदाला हजारो निरोप पुसतो. सेकंदाला हजारो! हे वाक्य वाचता वाचता तुमच्या डोळ्यांच्या स्नायूंत ते अखंड चाललंय. मोनो नेमकं या विकराला जाऊन चिकटतं. बेल वाजतच राहते. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, लाळ आणि घाम थांबत नाही, स्नायू थरथरतात, छातीत पाणी साठतं आणि शेवटी श्वास चालवणारा स्नायूच थकून जातो.

किडीलाही हेच होतं. मज्जातंतूंतला हा निरोप्या अळीत आणि माणसात एकच आहे, उत्क्रांतीने तो कोट्यवधी वर्षं बदललेला नाही. म्हणून अळीसाठी बनवलेलं विष माणसालाही सोडत नाही.

१९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर नावाचा रसायनशास्त्रज्ञ किडींवरचं नवं औषध शोधत होता. त्याच्या हाती लागला टाबून, पहिला मज्जाघातक युद्धवायू. मोनो त्याच रसायनकुळातलं. आज या कुळावर दोन वेगवेगळे आंतरराष्ट्रीय करार आहेत. युद्धवायूंवर १९९३चा रासायनिक शस्त्रबंदी करार, शेतातल्या भावंडांवर रॉटरडॅम. पहिला सरळ म्हणतो, बनवायचंच नाही. दुसरा म्हणतो, विचारून.

आणि उतारा कोणता? ॲट्रोपीन. ते मूळचं बेलाडोना या झुडपातलं, पण त्याच जातीची द्रव्यं आपल्या बांधावरच्या धोतऱ्यातही असतात. ते निरोपाची काही दारं बंद करतं, म्हणजे तिथे बेल कितीही वाजली तरी आत ऐकू जात नाही. एक विष दुसऱ्या विषाला अडवतं. मात्रा मात्र दवाखान्यातच ठरते, रुग्णाकडे मिनिटामिनिटाला बघून. धोतरा खाऊन विषबाधा उतरत नाही, माणूस मात्र जातो.

मोनोची कीर्ती जगात कशी गेली ती हकिगत तर विलक्षण आहे. उत्तर अमेरिकेतला स्वेन्सन ससाणा दर हिवाळ्यात हजारो किलोमीटर उडून दक्षिणेला जातो. नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियात या ससाण्यांचा अभ्यास करणाऱ्या ब्रायन वुडब्रिज यांनी काही पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारे छोटे प्रक्षेपक बांधले. पक्षी नेमके जातात कुठे? उपग्रहाने उत्तर दिलं: अर्जेंटिनाच्या गवताळ मैदानांत. माणसं शोधत तिथे पोचली आणि झाडांखाली ससाण्यांचा सडा पडलेला दिसला. टोळांवर मोनो फवारलं होतं, ससाण्यांनी टोळ खाल्ले होते. १९९५-९६च्या एका हंगामात हजारो ससाणे मेले. पक्ष्याच्या पाठीवरचं एक यंत्र नसतं, तर तिथल्या मैदानात काय घडतंय हे कॅलिफोर्नियाला कळलंही नसतं.

२००४ साली कराराच्या पहिल्याच अधिवेशनात मोनो यादीत गेलं. भारतात ते बनत होतं आणि विकलंही जात होतं. २००५ मध्ये भाजीपाल्यावर वापरायला मनाई झाली, कापसावर चालू राहिलं. २०१३च्या जुलैमध्ये बिहारमधल्या शाळेतल्या माध्यान्ह भोजनातून ते पोटात गेलं आणि २३ मुलं दगावली.

मग आलं २०१७.

त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी जोरात वाढली होती, कित्येक ठिकाणी खांद्याच्याही वर. गुलाबी बोंडअळी बीटी कापसाला जुमानेनाशी झाली होती. फवारणीवर फवारणी. दोन-दोन, तीन-तीन औषधं एकाच पंपात. डोक्याएवढ्या झाडांत शिरून फवारलं की औषध पानावर कमी आणि माणसाच्या तोंडावर, छातीवर, डोळ्यांत जास्त. ऑगस्ट-सप्टेंबरचा उकाडा, घामाने भिजलेला सदरा, आणि घामेजल्या कातडीतून विष अधिक सहज आत जातं. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांची रीघ लागली. जिल्ह्यात शेकडोंना विषबाधा झाली आणि २०हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. कित्येकांची दृष्टी काही काळ गेली. मजुरीने दुसऱ्याच्या वावरात फवारणाऱ्याला बाटलीवरचा चौकोन बघायला मिळत नाही, ते घडीपत्रक तर नाहीच. त्याला मिळतो भरलेला पंप. माहिती आधी पोचावी म्हणून बांधलेली सगळी जागतिक यंत्रणा त्या शेवटच्या शंभर फुटांत तुटते, असं मला वाटतं, आणि हे मला फार लागतं.

राज्य सरकारने तेव्हा पाच कीटकनाशकांची विक्री ६० दिवस थांबवली. प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन, फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड, ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन आणि मोनो. यांतलं रॉटरडॅमच्या यादीत तेव्हा किती होतं? एकच. मोनो.

त्यांतलं डायफेन्थियुरॉन बघा, कारण त्याची तऱ्हा मोनोहून अगदी निराळी. बाटलीतला पदार्थ स्वतः फारसा जहाल नसतो. तो पानावर पडतो, त्याच्यावर ऊन पडतं, आणि उन्हाने त्याचं रूप बदलतं. बदललेलं रूप खरं मारक. ते पेशीच्या आतल्या एका फिरत्या यंत्रावर जाऊन बसतं. खरोखर फिरत्या! आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत अशी सूक्ष्म चाकं आहेत, ती गरगरत असतात आणि त्यांच्या फिरण्यातून शरीराचं इंधन तयार होतं. हे विष ती चाकं अडवतं. मज्जातंतूंशी त्याचं देणंघेणं नाही, म्हणून ॲट्रोपीनचा उतारा त्याला लागू पडत नाही. पंपात दोन-तीन औषधं एकत्र असतील, तर समोरच्या रुग्णाच्या शरीरात नेमकं काय चाललंय हे ओळखणं डॉक्टरलाही किती अवघड!

हे डायफेन्थियुरॉन स्वित्झर्लंडमधून भारतात येत असे, आणि स्वित्झर्लंडच्या स्वतःच्या शेतांत त्याला परवानगी नव्हती. २०२० च्या सप्टेंबरात यवतमाळमधल्या ५१ बाधित कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये तक्रार दाखल झाली. ती आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या, म्हणजे ओईसीडीच्या, मार्गदर्शक तत्त्वांखाली. तीही देशादेशांनी मिळून ठरवलेली, बहुराष्ट्रीय कंपन्यांनी कसं वागावं याची. शिवाय काही बाधितांनी बाझलच्या न्यायालयात दावा लावला. हे औषध विकणाऱ्या कंपनीने आरोप नाकारले. पण विचार करा: कोरडवाहू वावरातला माणूस, ज्याने तालुका सोडून फारसं काही पाहिलं नाही, त्याचं गाऱ्हाणं आल्प्सच्या पायथ्याशी नोंदवून घ्यावं लागलं. त्याच वर्षी स्विस सरकारने पाच कीटकनाशकांच्या निर्यातीवर बंदी जाहीर केली, २०२१ पासून. त्या पाचांत डायफेन्थियुरॉन होतं, प्रोफेनोफॉसही होतं.

मोनोला भारतात निरोप द्यायला २०२३चा सप्टेंबर उजाडला. केंद्र सरकारने ३६ टक्के मोनो बंद करण्याचा आदेश काढला आणि शिल्लक मालाला मुदत दिली. जागतिक यादीत नाव गेल्यापासून १९ वर्षांनी.

यादीत नाव जायलाही वेळ लागतो, कारण तिचा दरवाजा जड आहे. साधारण रीत अशी: जगाचे सात विभाग केलेत, त्यांतल्या किमान दोन विभागांतून बंदीची सूचना यायला हवी. मग तज्ज्ञांची समिती तपासते. मग अधिवेशन. तिथे सर्वांचं एकमत लागतं. बहुमत नाही, एकमत. एका देशाने नकारार्थी मान हलवली की थांबलं. २०१३ मध्ये पॅराक्वाट या तणनाशकाच्या वेळी नकार देणाऱ्यांत भारतही होता, आणि ते मला लिहिताना बरं वाटत नाही.

पण याच करारात एक लहानसं दार आहे, सहाव्या कलमाचं. माझ्या मते सबंध करारातली सगळ्यात सुंदर जागा तीच. विकसनशील देशाला बंदी घालायची गरज नाही, दुसऱ्या विभागातल्या देशाची वाट बघायची गरज नाही. ‘आमच्याकडे हे औषध जसं प्रत्यक्ष वापरलं जातं, तसं वापरताना माणसं आजारी पडताहेत’ एवढं एका देशाने पुराव्यानिशी सांगितलं, की प्रस्ताव उभा राहतो. कागदावर औषध कसं वापरायला हवं हे तिथे विचारत नाहीत. उघड्या पायांनी, मास्कशिवाय, चाळिसाच्या उन्हात ते कसं वापरलं जातं, हे विचारतात.

पॅराक्वाटचा प्रस्ताव असाच आला होता, बुर्किना फासो या आपल्यासारख्याच कापूस पिकवणाऱ्या आफ्रिकी देशाकडून. पाहणी करणाऱ्यांनी गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना विचारलं होतं, फवारताना काय होतं? तो प्रस्ताव अडला. चाड या देशाचाही एक होता, धान्यावर लाखोंच्या थव्याने उतरणाऱ्या क्वेलिया पक्ष्यांवर फवारायच्या फेन्थिऑनबद्दल. २०१५ च्या अधिवेशनात तो अडला, नंतरही अडत राहिला. २०२५ मध्ये जिनिव्हात एकमत झालं आणि फेन्थिऑनची ती तीव्र द्रावणं यादीत गेली. समुद्राचा किनारा नसलेल्या, जगातल्या अतिगरीब देशांपैकी एकाने आपल्या फवारणाऱ्यांच्या दुखण्याची नोंद केली आणि दहा वर्षं ती धरून ठेवली.

त्या नोंदीचा नमुना कुणालाही वाचता येतो. त्यात रसायनशास्त्राचं फार काही नाही. औषधाचं नाव काय, त्यात काय किती टक्के. कुठल्या पिकावर. पंप कुठला, पाठीवरचा की दुसरा. फवारणाऱ्याचं वय, बाई की पुरुष. हातात मोजे होते का, तोंडावर काही बांधलं होतं का, पायात काय होतं. किती तास फवारलं. औषध एकच होतं की मिसळलेलं. किती वेळाने डोळे चुरचुरले, उलटी झाली, घाम सुटला. दवाखान्यात कधी नेलं, उपचार काय झाले. यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात फवारणीच्या हंगामात ही उत्तरं तोंडपाठ असणारी माणसं भेटतात. ती लिहून घेऊन तालुका, जिल्हा, दिल्ली असं करत रोमला पाठवायची, आणि त्यासाठी लागणारा कागद थोड्याच पानांचा.